दोष टेम्पोच्या रुंदीचा

२ फेब्रुवारी, रविवार

व्याह्यांकडे जेवण. बेत उत्तम. लग्नानंतर चार महिन्यांत चिऊ तिथे छान रुळली आहे. सासरे तिच्याशी बोलताना आवाज खाली आणतात, हे मी मुद्दाम पाहून ठेवलं.

जेवणानंतर व्याही मला बाहेर घेऊन गेले. गेटपासून घराच्या दारापर्यंत नुसती माती, मध्ये मध्ये जुन्या फरशीचे तुकडे. म्हणाले, महिनाअखेरीस रिटायर होतोय, दोन मार्चला घरीच समारंभ ठेवलाय, अख्खं ऑफिस येणार. त्याआधी इथे पेव्हर ब्लॉकचा चांगला ड्राइव्ह-वे करून घ्यायचाय. तुमच्याच कंपनीला सांगू म्हणतो, कोटेशन द्या.

इथे खरं तर मी खिशातून कार्ड काढायचं. अठरा वर्षं सेल्समध्ये तेच करतोय. पण चिऊ दारात उभी होती. ती सासऱ्यांना म्हणाली, कोटेशन कशाला पप्पा, बाबा स्वतः करतात की. शहरातले निम्मे ड्राइव्ह-वे बाबांचे आहेत. लहानपणी मी स्कूटरवर पुढे उभी राहायचे आणि बाबा दाखवत जायचे, हा माझा, तो माझा.

यात खोटं काही नाही. माझेच आहेत. माप मी घेतलं, सँपल मी दाखवलं, गिऱ्हाईक मी पटवलं. नंतर चार माणसं येऊन ब्लॉक बसवून जातात, तो तपशिलाचा भाग झाला.

व्याही म्हणाले, स्वतः करता? मी म्हणालो, घरचं काम आहे, परक्यांच्या हातात कसं द्यायचं. विहीणबाईंनी लगेच पुन्हा चहा टाकला. चिऊचा चेहरा असा फुलला की मला पुढे काही बोलवेना.

 परतताना गाडीत चिऊच्या आईनं सिग्नलला फक्त विचारलं, तुम्हाला येतं का ते? मी उत्तर देणार तेवढ्यात सिग्नल सुटला.

३ फेब्रुवारी, सोमवार

शांतपणे विचार केला. काळजीचं कारण नाही.

आजच एका डॉक्टर नवराबायकोला माझं नेहमीचं भाषण दिलं. म्हणालो, लोकांना वरचा ब्लॉक दिसतो, पण ड्राइव्ह-वे टिकतो खालच्या थरांवर. हातभर खणायचं, खडी घालायची, प्रत्येक थर मशीननं धुमसून, म्हणजे ठोकून दाबून, दगडासारखा करायचा, वर वाळूचा पातळ थर, मग ब्लॉक. धुमसण्यात कुचराई केली की महिन्याभरात खचलाच म्हणून समजा. म्हणून सांगतो, हे घरच्या घरी करायचं काम नव्हे, प्रोफेशनल माणसांना बोलवा. डॉक्टरीणबाई मान डोलावत होत्या. ऑर्डर जवळजवळ नक्की.

ज्याला हे इतकं नीट सांगता येतं त्याला ते करता येणारच. सांगणं जास्त अवघड असतं.

संकल्प: वीस तारखेपर्यंत काम पूर्ण. उरलेला आठवडा कौतुकासाठी मोकळा.

५ फेब्रुवारी, बुधवार

साहेबांकडे थोडी रजा मागितली. कारण विचारलं. म्हणालो, घरी फरशीचं काम आहे. साहेब म्हणाले, मग आपलीच माणसं पाठवतो की, हवेत का? मी इतक्या घाईनं नाही म्हणालो की साहेब चष्म्यावरून बघत राहिले.

ऑफिसात कळू द्यायचं नाही असं ठरवलंय. भीती वगैरे अजिबात नाही. पण सेल्सच्या माणसानं फावडं हातात घेतलं की गिऱ्हाइकांवरची छाप जाते.

८ फेब्रुवारी, शनिवार

कामाला सुरुवात. नवे हातमोजे, गुडघ्यांना पॅड, डोक्यावर टोपी. आरशात पाहिलं, अगदी वाटत होतो.

व्याही आणि विहीणबाई खुर्च्या टाकून बघायला बसले. आधी खुंट्या ठोकून दोऱ्या लावल्या. हे मला उत्तम येतं, कारण माप घेताना लावतोच. व्याही म्हणाले, बघा, काम करणाऱ्याचा हात कळतो. तिथे थांबलो असतो तर बरं झालं असतं.

कुदळ मारली. जमीन कमालीची कडक. दुपारपर्यंत चार बोटं खोल गेलो, तेही गेटजवळच. मग जावईबापू ऑफिसातून लवकर आले, पँट वर दुमडली आणि मी सकाळपासून खणलं होतं त्याच्या दुप्पट तासाभरात खणून मोकळे झाले. पद्धत अशी काही नाही त्यांच्याकडे, नुसती ताकद.

एक गोष्ट मात्र लक्षात आली. जमीनच मुळात इतकी कडक आहे, तर आणखी खणून ती सैल कशाला करायची? हातभर खणायचा नियम मऊ जमिनीसाठी असावा. चार बोटं पुरे.

९ फेब्रुवारी, रविवार

कंबर धरली. कुशीवर वळता येत नाही. हिनं मलम चोळून दिलं, तोंडातून एक शब्द न काढता. बोलली असती तर दोन उत्तरं तरी दिली असती.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आमच्या कंपनीला माल येतो त्या यार्डात गेलो होतो. खडी, वाळू आणि ब्लॉक सांगून ठेवले. मग यार्डवाल्याला सहज विचारावं तसं विचारलं, धुमसायचं मशीन शनिवार-रविवार मिळेल का?

म्हणाला, मिळेल की, चालवणार कोण? म्हणालो, मीच. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं. मग आतल्या दोघांना हाक मारली आणि म्हणाला, साहेब काय म्हणतात ते ऐका रे. मला पुन्हा सांगायला लावलं. तिघंही हसले. एकाला हसता हसता ठसका लागला.

मीही हसलो. म्हणालो, गंमत केली.

गंमत केली म्हटल्यावर पुन्हा मागता येत नाही. बाहेरून भाड्यानं आणावं, तर मशीन भाड्यानं देणारा प्रत्येक दुकानदार मला ओळखतो. या धंद्यात ओळखी फार असणं हेही एक संकटच आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

खडीचा ट्रक माझ्या आधीच येऊन गेला. ड्रायव्हरनं सगळी खडी गेटच्या तोंडाशी ओतली. व्याह्यांची गाडी आत, खडी बाहेर. ती पसरेपर्यंत, म्हणजे दोन दिवस, त्यांना गाडी काढता येणार नाही. आज त्यांना साहेब लोकांच्या मीटिंगला जायचं होतं. हातात फाइल धरून, पँट सावरत, खडीच्या ढिगावरून पलीकडे उतरले आणि बसनं गेले. नोकरीच्या शेवटच्या पंधरवड्यात.

मला एका शब्दानं बोलले नाहीत. फार सज्जन माणूस. बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

दिवसभर घमेल्यानं खडी वाहिली. जावईबापूंनी वाहिली. मी हिशेबानं कुठे टाकायची ते दाखवलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज डोकं चाललं. मान्य करायला हवं, असं डोकं सगळ्यांचं चालत नाही.

मशीनचं काम काय? खडी दाबणं. दाबायला काय लागतं? वजन. मशीनचं वजन ते किती, आणि माझ्या गाडीचं किती. सकाळी उरलेला ढीग पसरून व्याह्यांची गाडी बाहेर निघाली होतीच; माझी सरळ आत घेतली आणि दुपारभर खडीवरून पुढे-मागे, पुढे-मागे केली. आजूबाजूची दोन-चार माणसं कंपाउंडला टेकून बघत होती. विहीणबाईंनी बाहेर येऊन काळजीनं विचारलं, ब्रेक बिघडलाय का हो?

चिऊ पायरीवर बसून बघत होती. मी काच खाली केली तेव्हा म्हणाली, बाबा, मशीन नाही आणणार? तुम्हीच तर नेहमी सांगता, मशीनशिवाय काम म्हणजे काम नव्हे. मी म्हणालो, ते गिऱ्हाइकांना सांगायचं. ती म्हणाली, आणू या ना, हवं तर मी येते तुमच्याबरोबर. मी म्हणालो, तुला यातलं काही कळत नाही, आत जा. जरा जोरातच म्हणालो. व्याही खिडकीत होते.

ती आत गेली. थोड्या वेळानं पाण्याची बाटली घेऊन आली, गाडीच्या टपावर ठेवून परत गेली.

संध्याकाळपर्यंत चाकांखालचे दोन पट्टे असे पक्के झाले की टाच मारली तरी खूण उठेना. मधली आणि कडेची खडी सैल राहिली हे खरं, पण गाडी चाकांवर चालते, पोटावर नाही. वरून वाळू टाकली, फळी ओढली, दोरी लावून पाहिली. एका पातळीत, झकास.

गाडीतून जळका वास येतोय.

१७ फेब्रुवारी, सोमवार

क्लच गेला. गॅरेजवाला विचारत होता, डोंगर चढलात का? बसनं ऑफिस.

२० फेब्रुवारी, गुरुवार

रजा. ब्लॉक बसवायला सुरुवात. डिझाइन झिगझॅग निवडलं, कारण गिऱ्हाइकांना मी तेच सुचवतो. सरळ ओळी कुणीही लावतो.

घराच्या भिंतीपासून सुरुवात केली. दहाबारा ओळींनंतर सगळं हळूहळू डावीकडे सरकायला लागलं. बारकाईनं पाहिलं तर भिंतच काटकोनात नाही. हे व्याह्यांना कोणत्या तोंडानं सांगणार, घर त्यांनी हौसेनं बांधलंय. पोटात ठेवलं.

जेवायच्या वेळेला गाडीत जाऊन बसलो (क्लच नवा, छान आहे) आणि मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. हॅट घातलेला एक मनुष्य ब्लॉक कसा धरायचा ते दाखवत होता. मी सकाळपासून उलट्या हातानं धरत होतो असं दिसतंय. तेवढ्यात काचेवर टकटक. चिऊ, हातात ताट. मी म्हणालो, ऑफिसची मीटिंग चालू आहे. हॅटवाला मनुष्य तेव्हा रबरी हातोडा कसा मारायचा ते सांगत होता.

चिऊनं स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, जेवून घ्या बाबा, गार होईल. ताट बॉनेटवर ठेवलं आणि गेली.

मला कसंतरीच झालं. ऊन लागलं असावं.

२३ फेब्रुवारी, रविवार

कडा आल्या. एका बाजूला बोटभर फट उरलीय, ती गेटपर्यंत रुंद होत होत वीतभर होते. तिथे ब्लॉक कापून बसवावे लागतात आणि कापायचं मशीन यार्डात आहे. यार्डाचं नाव नको. फटीत सिमेंट भरून टाकलं.

कडेला ब्लॉक सरकू नयेत म्हणून पक्की किनार घालायची असते. मी विहीणबाईंच्या कुंड्या दोन्ही बाजूंनी रांगेत लावून दिल्या. वजनदार आहेत, सरकू देणार नाहीत. विहीणबाई इतक्या खूश झाल्या, म्हणाल्या, बाई गं, किती सौंदर्यदृष्टी आहे तुझ्या बाबांकडे. चिऊ हो म्हणाली. कुंडीकडे बघत म्हणाली.

२६ फेब्रुवारी, बुधवार

पूर्ण. वीस तारीख हुकली, पण दर्जाच्या कामाला वेळ लागतोच.

व्याही आधी चपला घालून गेटपर्यंत चालून आले. मग चपला काढून चालून आले. मग फोनवर कुणाला तरी सांगायला लागले, अहो, आमच्या व्याह्यांनी, स्वतःच्या हातांनी. असे चार फोन केले. प्रत्येक फोनला माझी जरा बाजूला उभं राहायची पद्धत ठरून गेली.

मी माझी गाडी आत आणून दाखवली. बरोबर मधून, सावकाश. एक ब्लॉक हलला नाही. जावईबापूंनी टाळ्या वाजवल्या.

चिऊ माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, बाबा, पप्पांची गाडी मोठी आहे, चालेल ना? मी म्हणालो, रणगाडा चालेल. मात्र व्याह्यांना सांगितलं की काही दिवस गाडी बाहेरच ठेवा, काम जरा सेट होऊ द्या. ब्लॉकच्या कामाला सेट व्हावं लागत नाही, सिमेंटला लागतं, हे मला माहीत आहे. पण घाई कशाला करायची.

२ मार्च, रविवार. सकाळी

समारंभ आज. शर्ट कडक इस्त्रीचा. कौतुक झालं की काय बोलायचं ते ठरवलंय: मी काही केलं नाही, जमीनच चांगली होती. नम्रतेनं म्हणायचं. जे काम विचारतील त्यांना कंपनीचं कार्ड द्यावं की स्वतःचा नंबर, याचा विचार करतोय.

२ मार्च, संध्याकाळी

समारंभ झाला. आज लिहीत नाही.

३ मार्च, सोमवार

लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

जेवण आणणाऱ्या केटररचा टेम्पो दुपारी आला. रुंद, मागे जोडचाकं, आत साठ-सत्तर लोकांचं जेवण. ड्रायव्हरनं तो मागे मागे घेत आत आणला. मी स्वतः हात हलवून दाखवत होतो, या, या, येऊ द्या. निम्म्यात आला आणि मागचं उजवं चाक खाली गेलं. आधी वाटलं, पंक्चर. मग चाकाच्या दोन्ही बाजूंचे ब्लॉक उभे राहिले. ड्रायव्हरनं घाबरून जोरात ॲक्सिलरेटर दाबला. चाकानं खालची वाळू आणि खडी उपसून मागे फेकली, ब्लॉक सुटून उडायला लागले, एक विहीणबाईंच्या कुंडीवर बसला. मग डावं चाक गेलं. टेम्पो बसला तो ड्राइव्ह-वेवर आडवा, आणि त्याचं मागचं दार कडेच्या कंपाउंडच्या भिंतीला असं टेकलं की उघडता येईना.

जेवण आत. पाहुणे गेटवर.

पाहुणे दुसऱ्या बाजूची भिंत आणि टेम्पो यांच्यामधल्या फटीतून एकेक करून अंग चोरत आले. उंच टाचांच्या चपला घातलेल्या बायका चपला हातात घेऊन आल्या. व्याह्यांचे मोठे साहेब आले, त्यांच्या कोटाला टेम्पोचं ग्रीस लागलं. ते म्हणाले, काही हरकत नाही. सगळेच म्हणत होते, काही हरकत नाही. त्या शब्दांचा मला आता कंटाळा आला आहे.

व्याह्यांनी कोट काढला, बाह्या सारल्या आणि ज्यांच्या सत्काराला लोक जमले होते तेच टेम्पोला खांदा लावून ढकलायला लागले. जावईबापू, ऑफिसचे लोक, मीही. टेम्पो हलेना. माझ्या शेजारी ढकलणाऱ्या एका गृहस्थांनी धापा टाकत विचारलं, काय हो, हे काम केलं कुणी?

मी म्हणालो, चौकशी करायला हवी.

चिऊ माझ्या मागेच पाण्याचे ग्लास घेऊन उभी होती. तिनं ऐकलं. मी वळलो तेव्हा तिनं ट्रे पुढे केला. मी ग्लास घेतला. पाणी प्यालो. काय करणार होतो.

शेवटी ड्रायव्हरच्या केबिनमागची जाळी काढून पातेली एकेक करून बाहेर घेतली. जेवण गार. भाषणं पायरीवर झाली. एक सहकारी म्हणाले, यांनी आयुष्यभर पाया भक्कम ठेवून काम केलं. मागे कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळे हसले, व्याहीही हसले. मी हसलो नाही, खाली बघत होतो. टेम्पो क्रेननं काढला.

४ मार्च, मंगळवार

आज शांत डोक्यानं, तांत्रिक दृष्टीनं विचार केला.

दोष कामात नाही. माझी गाडी गेल्या बुधवारी त्याच जागेवरून गेली, एक ब्लॉक हलला नाही. का? कारण माझ्या गाडीची चाकं पक्क्या पट्ट्यांवर पडतात. टेम्पोची पट्ट्यांच्या बाहेर पडली. म्हणजे दोष टेम्पोच्या रुंदीचा आहे. शिवाय आत पातेली किती होती कोण जाणे. आणि ड्रायव्हरनं घाबरायचं काही कारण नव्हतं.

हिला समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मग गेटवर पाटी लावू या, इथे फक्त मुलीच्या बापाची गाडी चालेल.

हिच्याशी तांत्रिक बोलण्यात अर्थ नाही.

६ मार्च, गुरुवार

डॉक्टरीणबाईंचा फोन. ऑर्डर नक्की झाली. म्हणाल्या, तुम्ही धुमसण्याचं इतकं छान समजावलंत ना, दुसरीकडे जायचा प्रश्नच नाही. थँक्यू म्हणून ठेवला. मग बराच वेळ टेबलाशी नुसता बसलो होतो. साहेबांनी विचारलं, तब्येत बरी आहे ना?

चिऊचा फोन नाही. एरवी रोज येतो. हिला येतो, मला नाही. हिला विचारलं, काय म्हणते? म्हणाली, बरी आहे म्हणते.

ठरवलं: रविवारी जायचं. माफी मागायची. मात्र आधी टेम्पोच्या रुंदीचा मुद्दा मांडायचा, नाहीतर माफी अर्धवट वाटेल.

९ मार्च, रविवार

गेलो. ही म्हणाली, मी येत नाही, तुमचं तुम्ही निस्तरा.

गेटपाशीच थबकलो. खड्ड्याभोवती दोरी बांधली होती. ती बांधायला वापरलेल्या खुंट्या माझ्याच होत्या. निघालेले ब्लॉक कुणीतरी भिंतीशी नीट रचून ठेवलेत. व्याही दार उघडून हसले, या या म्हणाले, तेच नेहमीचं या या. विहीणबाईंनी पाणी आणलं. चिऊ स्वयंपाकघरात होती, भांड्यांचा आवाज येत होता.

मी घसा साफ केला. म्हणालो, त्या दिवशी जे झालं त्याबद्दल मला जरा बोलायचंय.

विहीणबाई म्हणाल्या, तुम्ही एक शब्द बोलू नका. आम्हाला चिऊनं सगळं सांगितलंय. त्या दिवशी रात्री रडत रडतच सांगितलं तिनं.

 वाटलं, झालं, व्हिडिओचं सांगितलं असणार.

विहीणबाई म्हणाल्या, तुम्ही मशीन आणायला निघाला होतात, पण चिऊनंच तुम्हाला अडवलं म्हणे. सासूबाईंचं डोकं दुखतंय, आवाज नको, म्हणून हट्ट धरून बसली. आता मला सांगा, माझं डोकं दुखतं ते खरं, पण त्यासाठी एवढं मोठं काम कच्चं ठेवायचं का? मला विचारायचं तरी. बाप जाणकार, सगळं आयुष्य या कामात गेलं, आणि ही पोर मध्ये बोलणार. व्याही म्हणाले, जाऊ दे गं आता. विहीणबाई म्हणाल्या, जाऊ दे कसं, चार लोकांत शोभा झाली ती तुमची. आणि चिऊच्या बाबांचं नाव फुकट खराब झालं ते वेगळं.

आतला भांड्यांचा आवाज थांबला होता.

मी बोलणार होतो. तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. विहीणबाई माझ्याकडे अशा आदरानं बघत होत्या, आणि व्याही म्हणाले, तुमच्यासारख्या माणसाला किती वाईट वाटलं असेल.

मी म्हणालो, लहान आहे अजून. तुम्ही रागावू नका तिच्यावर.

असं म्हणालो मी. समजूतदार आवाजात म्हणालो. विहीणबाई म्हणाल्या, बाप असावा तर असा.

चिऊ चहा घेऊन आली. सगळ्यांना दिला. माझ्या चहात साखर कमी घातली होती, मला लागते तशी. मी तिच्याकडे पाहू शकलो नाही, म्हणून कपाकडे पाहत राहिलो. निघताना ती गेटपर्यंत आली नाही. विहीणबाईंनी तिला हाक मारली, अगं बाबा निघाले, तेव्हा आतूनच म्हणाली, हो, सावकाश जा बाबा.

घरी आलो तेव्हा हिनं विचारलं, काय झालं? मी म्हणालो, मिटलं. ही म्हणाली, टेम्पोचं पटलं त्यांना? मी म्हणालो, तो विषयच निघाला नाही.

१० मार्च, सोमवार. दुपारी

झोप नव्हतीच. ऑफिसच्या जिन्यात उभं राहून चिऊला फोन केला. म्हणालो, संध्याकाळी येतो आणि खरं काय ते सांगतो. तू मला अडवलं नव्हतंस. आणि मला हे काम येत नाही. कधीच येत नव्हतं. चहावाला वर येत होता, तो पायरीवर थांबून माझ्याकडे बघायला लागला.

चिऊ म्हणाली, माहीत आहे बाबा. मी विचारलं, कधीपासून? म्हणाली, राहू द्या ना ते.

मग म्हणाली, येऊ नका. मी सांगून बसलेय आता. तुम्ही येऊन खरं सांगितलंत तर मी खोटी ठरेन, आणि मला या घरात राहायचंय. इथल्या आईंनी मला सांगितलं, पुन्हा मोठ्यांच्या कामात मध्ये बोलायचं नाही. मी हो म्हटलं. तेवढ्यावर संपलंय, ते तसंच राहू द्या.

मी म्हणालो, मग मी काय करू? म्हणाली, काही करू नका.

 फोन ठेवायच्या आधी म्हणाली, शनिवारी दुसऱ्या कंपनीची माणसं येणार आहेत, सगळं उकरून नव्यानं करायला. त्या दिवशी तर मुळीच येऊ नका. आई त्यांनाही सांगतील, माझ्यामुळे कसं झालं ते. तुम्हाला तिथे उभं राहून ऐकावं लागेल.

मी बरं म्हणालो.

ही वही कुणी वाचत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो. चिऊनं मला थांबवलं नव्हतं. ती बरोबर येते म्हणाली होती. मी मशीन आणायला निघालोच नव्हतो.